खालाच्या नावापुढची कोरी चौकट

शाळा उघडायच्या आधीचा आठवडा आमच्या गल्लीत घाईचा असतो. माहीमच्या कापड बाजाराजवळच्या या गल्लीतली काही मंडळी दरवर्षी वर्गणी काढतात आणि ज्या घरांची ओढाताण चालली आहे तिथल्या मुलांना वह्या, दप्तर, जमलेच तर फीचा एखादा हप्ता देतात. कोणाला द्यायचे याची यादी पूर्वी लाल पुठ्ठ्याच्या एका वहीत असे. बँकेतून निवृत्त झाल्यावर ती वही माझ्या गळ्यात पडली. दोन वर्षांपूर्वी माझ्या भाच्याने ती सगळी वही संगणकावर चढवली आणि माझा डोळ्यांचा त्रास वाचवला. याबद्दल त्याला दुवा द्यावी तेवढी थोडी.

यंदा त्याने छापील यादी आणून दिली. नियम साधा होता: वर्षाचे उत्पन्न १ लाखापेक्षा कमी असलेली घरे. मी सवयीने आधी खालाचे नाव शोधले. नात्याने ती कोणाचीच खाला नाही, पण सारा मोहल्ला तिला खालाच म्हणतो. साड्यांना फॉल-बिडिंग करून ती नातवाला शिकवते. जुन्या वहीत तिचे नाव पहिल्याच पानावर आहे. छापील यादीत ते नव्हते.

"मामू, तिचं उत्पन्न लाखाच्या वर गेलं असेल," भाचा म्हणाला.

"मग लाख आणि त्याच्या वरची घरं कोणती, ती यादी काढ," मी म्हटले.

त्याने काढली. खाला त्यातही नव्हती. लाखाच्या खाली नाही आणि लाखाच्या वरही नाही, म्हणजे बाई गेली कुठे? दोन्ही याद्यांतली घरे मोजून बेरीज केली, तर ती एकूण घरांपेक्षा कमी भरली. माझे सारे आयुष्य ताळेबंद जुळवण्यात गेले. बेरीज चुकली की मला झोप येत नाही. त्या रात्री आम्ही दोघे संगणकापुढे बसलो, आणि जे समजले ते आज तुमच्यापुढे मांडतो. असल्या याद्या आता सगळीकडे आहेत. शिष्यवृत्तीची यादी आहे, रेशनची आहे, दवाखान्याची आहे, हजला जाणाऱ्यांची आहे. त्यांतल्या कुठल्या ना कुठल्या यादीत आपले नाव असते, किंवा असायला हवे असते.

खालाच्या नावापुढची उत्पन्नाची चौकट कोरी होती. एवढेच.

कोऱ्या चौकटीला संगणकाच्या भाषेत 'नल' म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे, हे आधी पक्के ध्यानात घ्यावे. शून्याला अरबीत सिफर म्हणतात आणि सिफरचा मूळ अर्थ रिकामा असाच आहे, त्यामुळे घोटाळा व्हायला जागा आहे. पण हिशेबात शून्य ही एक संख्या आहे. 'खालाचे उत्पन्न शून्य' असे लिहिले तर ती एक माहिती झाली, खरी असो वा खोटी. चौकट कोरी असेल तर माहितीच नाही. एडगर कॉड नावाचा इंग्रज गणिती आयबीएम कंपनीत काम करीत होता. १९७० साली त्याने माहिती तक्त्यांच्या रूपाने कशी साठवावी, याचा पाया घालणारा लेख लिहिला. आजच्या बहुतेक बँका, रेल्वे आणि सरकारी कचेऱ्यांचा डेटाबेस त्याच पायावर उभा आहे. पुढे १९८५ साली त्याने चांगल्या डेटाबेससाठी नियम सांगितले. त्यांतला तिसरा नियम कोऱ्या चौकटीचाच आहे: ती शून्यापेक्षा वेगळी मानावी आणि रिकाम्या अक्षरांपेक्षाही वेगळी मानावी.

आता संगणक विचार कसा करतो ते पाहा. आपण त्याला विचारले, खालाचे उत्पन्न लाखापेक्षा कमी आहे का? तो चौकटीत बघतो, तिथे काही नाही. मग तो 'हो' म्हणत नाही आणि 'नाही'ही म्हणत नाही. तो म्हणतो, 'माहीत नाही'. म्हणजे त्याच्याकडे उत्तरे तीन आहेत: खरे, खोटे आणि माहीत नाही. यादीत मात्र तो फक्त 'खरे' आलेल्यांनाच घेतो. उलटा प्रश्न विचारला, लाख किंवा त्याहून जास्त आहे का, तरी उत्तर पुन्हा 'माहीत नाही'. म्हणून खाला दोन्ही दारांतून बाहेर राहिली. ना घर का ना घाट का. यात बिघाड कुठलाच नाही. संगणक आपल्या जागी बरोबर होता, प्रश्न विचारणारा चुकला होता.

भाच्याने मग कोऱ्या चौकटींची घरे वेगळी काढायचे ठरवले. त्याने लिहिले, 'उत्पन्न बरोबर नल' असेल ती घरे दाखव. उत्तर आले: एकही नाही! डोळ्यांसमोर कोरी चौकट दिसते आहे आणि हा म्हणतो एकही नाही. कारण तेच. एक माहीत नसलेली गोष्ट दुसऱ्या माहीत नसलेल्या गोष्टीइतकी आहे का, असे विचारले तर उत्तर 'माहीत नाही' हेच येणार. दोन बंद पाकिटांतली रक्कम सारखी आहे का, हे न उघडता कोण सांगेल? त्यासाठी 'इज नल', म्हणजे 'कोरे आहे का', असा वेगळा शब्दप्रयोग आहे. तो वापरल्याबरोबर खालासकट सगळी घरे समोर आली.

पण भाचा अडून बसला. "आमच्या जुन्या ऑफिसात 'बरोबर नल' लिहिलं की यायचं, मामू. मी स्वतः केलंय." तो खोटे बोलणारा मुलगा नाही. शोधल्यावर कळले की तोही खराच होता. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'अँसी नल्स' नावाचे एक बटण म्हणा, सेटिंग म्हणा, आहे. ते चालू असेल तर कोऱ्या चौकटीला प्रमाण नियम लागू होतो आणि 'बरोबर नल'ला काहीच सापडत नाही. ते बंद असेल तर तोच प्रश्न कोऱ्या चौकटींची सगळी घरे काढून देतो. तोच तक्ता आणि तेच शब्द असूनही उत्तरे दोन. त्यातही गंमत अशी की एखादा प्रश्न कायमचा साठवून ठेवला, तर साठवताना ते बटण ज्या स्थितीत होते तीच स्थिती त्याच्याबरोबर चिकटून राहते. माणसाने पुढे बटण फिरवले तरी जुना प्रश्न जुन्याच पद्धतीने वागतो. कंपनी आता स्वतःच सांगते की हे बटण बंद ठेवून काम करू नका, पुढे ते कायम चालूच राहील. पोस्टग्रेस नावाच्या फुकट मिळणाऱ्या डेटाबेसमध्येही असेच एक सेटिंग आहे. मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेसमधून येणारे 'बरोबर नल' असे प्रश्न चालावेत म्हणून ते ठेवले आहे, आणि मुळात ते बंद असते.

आमच्या बँकेत उचंत खाते असायचे. एखादी रक्कम आली, पण कोणाची ते कळत नाही, अशी रक्कम त्या खात्यात टाकायची. ती नफ्यात धरायची नाही आणि तोट्यातही नाही. साहेब रोज संध्याकाळी पहिला प्रश्न विचारायचे, उचंत खात्यात किती? तिथे रक्कम साचू देणे हा मोठा गुन्हा समजला जाई. नल म्हणजे उचंत खातेच. फरक इतका की संगणकाला संध्याकाळी तो प्रश्न विचारणारा साहेब नसतो.

सरासरीचा प्रकार तर आणखी फसवा आहे. समजा पाच घरे आहेत. चौघांचे उत्पन्न ६० हजार, ८० हजार, १ लाख आणि १ लाख ६० हजार. पाचव्याची चौकट कोरी. संगणकाला सरासरी विचारा, तो सांगेल १ लाख. त्याने कोरी चौकट सोडून दिली आणि ४ लाखांना चाराने भागले. कोऱ्या जागी कोणी शून्य भरून ठेवले असेल तर तोच संगणक ८० हजार सांगेल, कारण आता तो पाचाने भागतो. 'किती घरे' विचारले तर पाच, 'उत्पन्नाच्या नोंदी किती' विचारले तर चार. उत्तरे सगळी बरोबर आहेत, पण कुठल्या आकड्याला कशाने भागले हे कोणी सांगत नाही. मोहल्ल्याची सरासरी लाखाची निघाली की वर्गणीदार म्हणणार, मग मदत कशाला? आणि चौकट बहुधा कोरी कोणाची राहते? ज्याच्याकडे दाखला नाही, पगाराची चिठ्ठी नाही, त्याची.

सर्वांत मोठा धक्का पुढे होता. गेल्या वर्षी ज्यांना मदत मिळाली ती घरे वगळून बाकीची दाखव, असे भाच्याने विचारले. गेल्या वर्षीची यादी वेगळ्या तक्त्यात होती आणि त्यात एका ठिकाणी घर क्रमांक टाकायचा राहून गेला होता. 'नॉट इन', म्हणजे 'या यादीत नसलेली', असा तो प्रश्न. उत्तर आले शून्य घरे. सबंध गल्लीत एकही पात्र घर नाही! झाले असे की प्रत्येक घराबाबत संगणक स्वतःला विचारत होता: हे घर त्या कोऱ्या क्रमांकाचे तर नसेल? माहीत नाही. मग हे घर 'यादीत नाही' असे खात्रीने कसे म्हणू? असे करता करता त्याने सगळ्यांनाच बाहेर ठेवले. एका कोऱ्या चौकटीने पूर्ण यादी गिळली. उपाय सोपा आहे. आधी कोऱ्या नोंदी बाजूला काढाव्यात, किंवा 'नॉट एक्झिस्ट्स' या पद्धतीने विचारावे. पण उपाय सुचण्यासाठी आधी शंका यावी लागते. इथे पूर्ण यादी गेली म्हणून शंका आली. खालाच्या वेळी एकच नाव गेले होते, आणि मी तिला ओळखत नसतो तर ते कोणाच्याही लक्षात आले नसते.

क्रम लावतानाही हेच. कमी उत्पन्नापासून सुरुवात करून पहिली वीस घरे घ्या, असे ठरले तर कोऱ्या चौकटीचे घर पहिले की शेवटचे? मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर आणि एसक्यूलाइट कोऱ्यांना वर ठेवतात. ओरॅकल आणि पोस्टग्रेस खाली ठेवतात. म्हणजे एका संगणकावर खालाला पहिली मदत मिळेल आणि दुसऱ्यावर ती एकविसावी होऊन रिकाम्या हाताने परतेल. तिची गरज दोन्हीकडे तेवढीच.

नावांचे काय होते तेही सांगतो, कारण हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल. महाराष्ट्रातले फॉर्म तीन घरांचे असतात: स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, आडनाव. कोकणातून आलेल्या आपल्या घरांना ते जमून जाते. पण माहीममध्ये उत्तरेकडून आलेलीही कितीतरी कुटुंबे आहेत. त्यांच्यात वडिलांचे नाव मध्ये लावायची चालच नाही, आणि काहींना आडनावही नसते. मधली चौकट कोरी राहते. आता तिन्ही तुकडे जोडून पूर्ण नाव बनवायला सांगितले, तर काही डेटाबेस मधली जागा सोडून बाकीचे नाव देतात आणि काही सगळे नावच कोरे करून टाकतात, कारण माहीत असलेल्यात माहीत नसलेले मिळवले की बेरीज माहीत नसलेलीच. एसक्यूएल सर्व्हरमध्ये यासाठीही वेगळे सेटिंग आहे. ओरॅकल तर रिकामी अक्षरे आणि नल यांत फरकच करीत नाही, कॉडचा नियम काहीही म्हणो. एकदा एका ठिकाणाहून आमच्या शेजाऱ्यांना पाकीट आले होते. पत्ता अचूक, पिनकोड अचूक, आणि नावाच्या जागी काहीच नाही. पोस्टमनने शहाणपणाने ते बरोबर घरी दिले. तेव्हा हसलो होतो. आता कारण असे काही असेल असे वाटते.

चौकट कोरी ठेवायची नाही म्हणून काहीतरी भरून टाकणे, ही जुनी सवय आहे आणि ती संगणकाच्या आधीची आहे. तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांची जन्मतारीख काढून बघा. कितीतरी जणांची १ जून निघेल. आई पोराला शाळेत घेऊन जायची, तारीख विचारली की म्हणायची, "मोठ्या पावसाच्या वर्षीचा आहे." गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे. शाळा जूनमध्ये, तारीख जूनची, हिशेब सोपा. म्हणून सरकारी कचेऱ्यांत ३१ मे रोजी निवृत्तीच्या हारांची गर्दी उसळते. त्या चौकटी भरलेल्या दिसतात, पण आतून कोऱ्याच आहेत, आणि आता त्या कोऱ्या होत्या हे ओळखायलाही मार्ग नाही. मला विचाराल तर कोरी चौकट परवडली. ती निदान खोटे बोलत नाही.

आपल्या जनगणनेने यावर शहाणी वाट काढली आहे. २०११ च्या जनगणनेत धर्माच्या रकान्यांमध्ये 'धर्म न सांगितलेले' असा स्वतंत्र रकाना आहे. त्यात सुमारे २८ लाख ६७ हजार माणसे आहेत. वयाच्या तक्त्यातही 'वय न सांगितलेले' असा रकाना आहे. त्या माणसांना कोणी गाळले नाही किंवा ओढून दुसऱ्या रकान्यात टाकले नाही. ती एकूण बेरजेत आहेत, आणि आपण किती जाणत नाही हेही छापलेले आहे.

कोरेपणाचेही प्रकार असतात हे कॉडने नंतर मान्य केले. १९९० च्या पुस्तकात त्याने दोन वेगळ्या खुणा सुचवल्या: एक, माहिती आहे पण आपल्याला मिळालेली नाही, दुसरी, ही माहिती इथे लागूच होत नाही. 'पतीचे नाव' ही चौकट घ्या. लग्न न झालेल्या मुलीच्या बाबतीत ती लागूच नाही. एखादीला ते नाव सांगायचे नसेल तर तो प्रकार वेगळा. फॉर्ममध्ये दोघींची चौकट सारखीच कोरी दिसते. डेटाबेस बनवणाऱ्यांनी कॉडची ही सूचना काही उचलली नाही. नल एकच राहिला.

तिकडे अमेरिकेत कॅलिफोर्नियात एका गृहस्थाने हौसेने गाडीची नंबरप्लेट 'नल' अशी घेतली. संगणक गोंधळेल आणि दंड चुकेल, असा त्याचा विनोदी हिशेब. घडले उलटेच. ज्या ज्या दंडाच्या पावत्यांवर गाडीचा नंबर लिहायचा राहून गेला होता, त्या त्याच्या नावावर येऊ लागल्या. २०१९ साली त्याने हे जाहीर सभेत सांगितले तेव्हा रक्कम १२ हजार डॉलरच्या वर गेली होती.

घरातल्या माणसांसाठी मला सुचते ते एवढेच. फॉर्म भरताना चौकट मोकळी सोडू नका. उत्पन्न खरेच नसेल तर शून्य लिहा. लागू नसेल तर 'लागू नाही' लिहा. ऑनलाइन फॉर्म ते घेत नसेल तर जमा करण्याआधी विचारा की ही जागा कोरी राहिली तर चालेल का, आणि पावतीवर काय उमटले ते वाचा. यादीत नाव नसेल तर 'तुम्ही बसत नाही' या उत्तरावर लगेच घरी येऊ नका. माझ्या नोंदीत कुठली चौकट कोरी आहे, हे बघायला सांगा. आणि जमातीच्या, शाळेच्या, मंडळाच्या याद्या सांभाळणाऱ्या मुलामुलींनो, 'हो'वाले आणि 'नाही'वाले मोजून बेरीज एकूणाशी जुळवा. जुळली नाही तर कोऱ्यांची तिसरी यादी छापा आणि ती घेऊन जिने चढा. संगणकात कोऱ्या जागी आपोआप शून्य धरायची सोय आहे, पण ती वापरून मोकळे होऊ नका. त्याने खाला यादीत येईल हे खरे. पण तिच्याबरोबर तो दुकानदारही येईल ज्याने उत्पन्न मुद्दाम लिहिले नव्हते.

आम्ही दुसऱ्या दिवशी असरनंतर खालाकडे गेलो. मशीनवर जांभळी साडी होती. भाच्याने विचारले, "खाला, गेल्या वेळी फॉर्मात उत्पन्न का नाही लिहिलं?"

"लिहिणारा पोरगा विचारत होता महिन्याचं किती," ती म्हणाली. "मी म्हटलं, कुठल्या महिन्याचं? रमजानात हाताला उसंत नसते, लग्नसराईत बरं असतं, पावसाळ्यात दोन-दोन आठवडे मशीन उघडत नाही. तो म्हणाला एकच आकडा लागतो. मागे रांग होती. मी म्हटलं राहू दे, नंतर सांगते."

नंतर तिला विचारायला कोणी आले नव्हते. आम्ही तिघांनी बसून बारा महिन्यांचा हिशेब मांडला. पावसाळ्याच्या आकड्यापाशी ती जरा थांबली, मग तोही सांगितला. लाखाच्या बरेच खाली आले. भाच्याने तक्त्यात आणखी दोन चौकटी वाढवल्या: कोणी विचारले आणि कोणत्या तारखेला.

निघताना खालाने त्याच्या हातावर माहीमच्या हलव्याची वडी ठेवली आणि विचारले, "त्या वरच्या मजल्यावरच्या पोरीचं लिहिलंय का रे? तिचा नवरा दीड वर्ष आखातातून पैसे पाठवत नाही. ती सांगायची नाही."

भाच्याने यादी उलगडली. तिच्या नावापुढे २ लाख ४० हजार लिहिलेले होते.